झिप गेली, टाच झिजली: घोडेस्वारीच्या बुटांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात खोगीर आणि लगाम पावसाळ्यात कसे सांभाळायचे ते लिहिलं होतं, आणि त्यावर आलेले मेल बघितले तर खोगिराबद्दल फार कोणाला काही विचारायचंच नाहीये, सगळे बुटांवर आलेत. फाटलेले, उसवलेले, बुरशी धरलेले, एक तर कुत्र्याने खाल्लेला. त्याचं उत्तर इथेच देऊन टाकते: वरची नळी खाल्ली असेल तर कापून बूट आखूड करता येतो, टाच खाल्ली असेल तर बदलता येते, घोट्याचा भाग खाल्ला असेल तर राहिलेला बूटही कुत्र्यालाच द्या. बाकीचे प्रश्न थोडे कापून खाली घेतलेत.

प्रश्न (पुणे): ताई, मुलगी रायडिंग शिकते, तिचे गुडघ्यापर्यंतचे लेदरचे बूट आहेत, मागे झिप. आता झिप वर जाते पण स्लायडरच्या मागून परत उघडते, तेही नेमकी घोट्यापाशी. कोपऱ्यावरचे काका म्हणाले पूर्ण झिप बदलावी लागेल आणि ते आमच्याकडे होणार नाही. नवीन घ्यायचे तर वर्षभरात पाय वाढणारच आहे तिचा. काय करू?

उत्तर: या बुटांमध्ये सगळ्यात आधी मान टाकते ती झिपच, कातडं त्यानंतर कितीतरी वर्षं चालू शकतं. पण तुमची झिप गेली असं मला अजून वाटत नाहीये. आधी एक जुना टूथब्रश घ्या, कोमट पाण्यात दोन थेंब शाम्पू टाका, झिप पूर्ण उघडा आणि दात दोन्ही बाजूंनी घासा. काय काय बाहेर येतं ते बघाच, घोड्याचे केस, मैदानातली बारीक माती, घामाचं मीठ. हे सगळं घोट्यापाशीच जास्त साठतं कारण तिथे बूट दुमडतो. सावलीत वाळू द्या, मग साधी मेणबत्ती दातांवरून फिरवा. तेल नको हां, तेलाला धूळ चिकटते आणि आठवड्यात परत तेच.

यानंतरही मागून उघडत असेल तर दोष बहुतेक स्लायडरचा. तो रोज ओढून ओढून मागच्या बाजूला किंचित फाकतो आणि मग दातांना पुरेसं दाबत नाही. छोटी पकड घ्यायची, स्लायडरची जी बाजू बंद झालेल्या झिपकडे असते ती बाजू आधी डावीकडून मग उजवीकडून अगदी हलकी दाबायची, झिप ओढून बघायची, परत हलकी दाबायची. एकदम जोर लावलात तर स्लायडर तुटतो. तरीही नाही जमलं तर नुसता स्लायडर बदलता येतो, त्याच्या पाठीवर बहुतेक वेळा ५, ८ किंवा १० असा आकडा असतो, तोच आकडा आणि त्याच प्रकारच्या झिपचा स्लायडर मागा, बॅगा दुरुस्त करणाऱ्यांच्या डब्यात असे सुटे पडलेले असतात.

आता दातच तुटलेत किंवा झिपची कापडी पट्टी फाटलीये, तर मग खरंच पूर्ण झिप बदलायची. काका नाही म्हणाले यात त्यांचं काही चुकलं नाही, सपाट टेबलाच्या मशीनवर बुटाची नळी बसतच नाही, त्याला लांब बारीक हात असलेलं मशीन लागतं, जो हात बुटाच्या आत घालता येतो. हाताने चाक फिरवायचं तसलं पॅचर मशीन बॅग-सूटकेसवाल्यांकडे विचारा. नसेल तर आरी आणि दोन सुया घेऊन हाताने शिवणारा कारागीर शोधा, वेळ जास्त लागतो पण काम उलट जास्त चांगलं होतं. अट एकच घालायची, जुन्या भोकांमधूनच शिवा. जुन्या ओळीच्या शेजारी नवीन भोकांची ओळ पडली की कातडं तिथून पोस्टाच्या तिकिटासारखं सुटतं आणि मग त्याला काही म्हणजे काही करता येत नाही. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, सुती नको, घामाने कुजतो.

आणि मुलीला सवय लावा, बूट घालताना मागच्या दोन्ही कडा हाताने जवळ आणायच्या आणि मग झिप ओढायची, झिपच्या जोरावर पोटरी आत कोंबायची नाही. पोटरीच वाढली असेल तर झिप कितीदाही बदला, फुटणारच, त्यापेक्षा वरच्या बाजूला इलॅस्टिकची पाचर बसवून घ्या, एखादं वर्ष तरी निघेल.

प्रश्न (नाशिक): माझ्या बुटांचे सोल झिजून पार गुळगुळीत झाले होते म्हणून जाड रबरी सोल टाकून घेतले, ट्रेकिंगच्या बुटांना असतात तसे खोल ग्रिपवाले. दिसतात पण भारी. पण आमचे सर म्हणाले हे बूट घालून घोड्यावर बसायचं नाही, आणि खरंच घरी पाठवलं. सर जरा जास्तच करतायत असं नाही वाटत?

उत्तर: नाही वाटत. सरांना चहा पाजा.

डोंगरावर ग्रिप तुम्हाला वाचवते, घोड्यावर तीच अडकवते. पडलात तर पाय रिकिबीतून (खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची कडी) आपोआप सुटायला पाहिजे, आणि खोल खाचांचा सोल नेमका तेव्हाच रिकिबीची पट्टी धरून ठेवतो. पाय अडकलाय, घोडा बिथरून पळतोय आणि माणूस खाली फरफटत जातोय, यापेक्षा वाईट पडणं घोडेस्वारीत क्वचितच असेल. म्हणून या बुटांना सोल गुळगुळीत किंवा अगदी उथळ नक्षीचा लागतो, आणि टाच मात्र वेगळी, ठळक, साधारण एक इंच उंचीची लागते म्हणजे पाय पुढे घसरून रिकिबीतून आरपार जात नाही. स्पोर्ट्स शूज घालून रपेटीला येणाऱ्यांना परत पाठवतात ते याच टाचेसाठी, आणि माथेरानला चप्पल घालून घोड्यावर बसणारे पर्यटक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो तोही याच कारणाने.

दुसरी गोष्ट रुंदीची, जी कोणी बघतच नाही. जाड सोल लावताना कारागीर तो कडेने थोडा बाहेर ठेवतो, रस्त्यावरच्या बुटाला त्याने काहीच बिघडत नाही, पण तुमची रिकीब तेवढीच राहते ना. रिकीब बुटाच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा साधारण एक इंच रुंद हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच मोकळा. त्याहून घट्ट असेल तर पाय अडकतो, फार सैल असेल तर अख्खा पाय आत जातो. म्हणून माझा सगळ्यांकडे एकच हट्ट असतो की बूट दुरुस्तीला टाकताना रिकीब पिशवीत घालून बरोबर न्या, काकांच्या हातात द्या, बूट त्यात घालून दाखवा. ज्यांनी कधी घोडा जवळून बघितला नाही त्यांनाही मग काय हवंय ते लगेच कळतं, तोंडी समजावून अर्धा तास घालवायची गरज नाही.

तुमचे सोल बहुधा चिकटवलेलेच असणार, गरम हवेने सोल्युशन मऊ करून काढता येतात, पण हे काम कारागिराचं आहे, घरी नको. बुटाच्या कडेने शिवणीची वेगळी पट्टी दिसत असेल, म्हणजे बूट वेल्टवाला असेल, तर सोल बदलणं त्याच्या नशिबातच लिहिलेलं असतं, वेल्ट शाबूत ठेवून परत परत बदलता येतो. नुसता चिकटवलेला बूट असेल तर दोन्ही बाजू नीट खरवडून, दोन्हीकडे सोल्युशन लावून, दहा-पंधरा मिनिटं थांबून, हाताला चिकटेनासं झाल्यावर दाबून ठोकायचं. बहुतेक सोल निघतात ते याच दहा मिनिटांच्या घाईमुळे, गिऱ्हाईक समोर उभं असतं ना. चामड्याचा सोल ओल्यात घसरतो अशी भीती असेल तर चवड्याखाली एक-दोन मिलीमीटरचा सपाट रबरी हाफ सोल चालतो.

आणि सोल काढलेलाच आहे तर एक बघून घ्या, टाच आणि चवडा यांच्यामध्ये आत पोलादाची पट्टी असते, शँक म्हणतात. ती वाकली किंवा तुटली की बूट मधूनच दुमडतो आणि रिकिबीवर उभं राहिलं की तळपाय दुखतो. सोल उघडा असताना ती बदलणं किरकोळ काम आहे, नंतर परत सगळं उकलावं लागेल.

प्रश्न (ठाणे): पावसाळ्यात रायडिंग बंद होतं म्हणून बूट मस्त पॉलिश करून प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कपाटावर ठेवले होते. आता काढले तर सगळीकडे पांढरा थर! पुसला तर चार दिवसांत परत. बुरशी आहे का आणि बूट गेले का?

उत्तर: बूट गेले नाहीत. पण आधी ती बुरशीच आहे का ते ठरवू, कारण पांढरा थर दोन प्रकारचा असतो. कातड्यात मुरलेलं तेल किंवा मेण कधीकधी वर येऊन बसतं, तेही पांढरंच दिसतं. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून थोडा वेळ मारा, थर विरघळून नाहीसा झाला तर तो मेदाचा, कापडाने पुसा आणि विसरा. तसाच राहिला, वर कुबट वास येतोय, तर बुरशी.

बुरशी असेल तर बूट घरात झटकायचे नाहीत, गॅलरीत किंवा गच्चीवर न्या, तोंडावर मास्क लावा, कोरड्या ब्रशने झाडा, आणि तो ब्रश परत पॉलिशला वापरू नका, नाहीतर तुम्हीच पेरताय. मग मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन कापड ओलसर करून पुसा, नुसतं ओलसर, निथळतं नाही. आधी आतल्या बाजूला न दिसणाऱ्या जागी लावून बघा कारण अल्कोहोलने रंग निघू शकतो. इनसोल सुटा असेल तर काढून फेका आणि नवीन घाला, बुरशीचं मुख्य घर तेच, तुमची बुरशी चार दिवसांत परत येतेय ती मला वाटतं तिथूनच. शिवणींच्या घड्या आणि झिपमागचा पडदाही पुसा. मग पंख्याखाली, सावलीत, तोंड उघडं ठेवून दोन-तीन दिवस वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच कंडिशनर.

प्लास्टिकची पिशवी मात्र कायमची बंद. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला रान मोकळं, आणि आपल्याकडे जुलैत ती त्याच्या खाली येते कधी? पिशवीत तर आतला ओलावाही बाहेर जात नाही. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि आठवड्यातून एकदा काढून वारा द्या. पुण्यात रेसचा सीझनच मुळी पावसाळ्यात असतो, तिथे बूट भिजतात पण वापरातही असतात, बुरशीला निवांत बसून वाढायला जागाच मिळत नाही. नळी कोलमडून दुमड पडू नये म्हणून आत काहीतरी उभं घाला, महागडे बूट ट्री नसतील तर गुंडाळलेली जुनी मासिकं चालतात (हे मासिक नको).

प्रश्न (रत्नागिरी): आमच्याकडे सगळ्या चामड्याला खोबरेल लावतात, आजोबा तर चपलांनाही लावायचे. बुटांना चालेल का? आणि ते परदेशी नीट्सफूट ऑइल म्हणतात ते घ्यावं का?

उत्तर: चपलेला चालून गेलं म्हणून बुटाला चालेल असं नाही. खोबरेल आत जातं खरं, पण साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे थंडीत पांढरं होऊन वर येतं, शिवाय कालांतराने खवट होतं. मोहरीचं आणि जवसाचं तर अजिबातच नको, ही तेलं हवेत वाळून चिकट होतात आणि त्यावर धूळ बसून राप चढतो.

नीट्सफूट म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांमधून काढलेलं तेल, जुनी आणि चांगली गोष्ट आहे, पण लगामासाठी. बुटाला जास्त झालं की नळी इतकी मऊ पडते की घोट्यावर गोळा होऊन बसते, रंग काळवंडतो आणि जुन्या सुती शिवणी सैल होतात. मेण आणि लॅनोलिन असलेलं क्रीमसारखं कंडिशनर घ्या, बोटभर घ्या, महिन्यातून एकदा लावा, बास. कातडं तहानलेलं आहे म्हणून रोज पाजायला जाऊ नका.

प्रश्न (सातारा): वडील ६१ कॅव्हलरीत (सैन्याच्या घोडदळात) होते. त्यांचे राइडिंगचे बूट माळ्यावरच्या ट्रंकेत सापडले. तपकिरी आहेत, कडक झालेत, आणि हात लावला की बोटांना लालसर भुकटी लागते. मला ते परत घालायचे आहेत, निदान एकदा तरी. कुठलं तेल लावू?

उत्तर: तेल लावू नका, कृपा करून. कडक झालेलं कातडं आणि भुकटी सुटणारं कातडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं कोरडं पडलं असतं तर कंडिशनर थोडं थोडं करून, मध्ये दिवस दिवस जाऊ देऊन, बरंच मऊ करता आलं असतं. पण लाल भुकटी म्हणजे ज्याला रेड रॉट म्हणतात ते. झाडांच्या सालीने कमावलेल्या जुन्या कातड्याला हा रोग होतो, हवेतला सल्फर डायऑक्साइड कातडं शोषून घेतं, त्याचं आत हळूहळू आम्ल बनतं आणि ते आम्ल तंतू तोडत जातं. तुटलेले तंतू तेलाने जुळत नाहीत, उलट असं कातडं तेल पिऊन काळं आणि आणखी कडक होतं. जुन्या ग्रंथालयांमधल्या चामडी बांधणीच्या पुस्तकांनी हाताला जो लाल रंग लागतो तो हाच.

म्युझियमवाले यावर हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून हलकंच लावतात, त्याने भुकटी जागच्या जागी बसते, पृष्ठभाग धरून राहतो. रोग बरा होत नाही, झड थांबते एवढंच. तुमच्या भागात एखादं संग्रहालय असेल तर तिथल्या संवर्धनाचं काम बघणाऱ्यांना फोटो दाखवून विचारा, स्वतः प्रयोग करायचाच तर आतल्या बाजूला कोपऱ्यात. घालायचं मात्र डोक्यातून काढा. पाय आत जातानाच घोट्याची घडी फाटेल, आणि घोड्यावर असताना शिवण सुटली तर ते आणखी वाईट. आत आम्लरहित (ॲसिड-फ्री) कागद भरून नळ्या उभ्या ठेवा, ऊन आणि स्वयंपाकघराचा धूर दोन्हीपासून लांब. वडिलांच्या मापाचे नवीन शिवून घ्यायचे असतील तर हे बूट नमुना म्हणून दाखवा, उंची, टाचेचा कोन, घोट्याशी लेस आहे की नाही हे सगळं त्यातून मिळेल. कानपूरला खोगिरं आणि घोड्याच्या सामानाचं काम मोठं आहे, लांब बूट मापाने शिवणारे तिथेही सापडतील.

प्रश्न (नागपूर): कॉलेजात एनसीसीच्या आर अँड व्हीमध्ये (रिमाउंट अँड व्हेटर्नरी, म्हणजे घोड्यांची शाखा) होते, तेव्हाचे आखूड जोधपूर बूट जपून ठेवले होते. परवा घातले आणि दहा पावलांत सोलचे तुकडे पडले, अक्षरशः चुरा! वरचं लेदर एकदम नवीन. असं कसं?

उत्तर: जपून ठेवले म्हणूनच. तो सोल पॉलियुरेथेनचा असणार, आणि त्यातल्या बऱ्याच प्रकारांचं हवेतल्या बाष्पाने हळूहळू विघटन होतं, वापरा किंवा नका वापरू. न वापरता कपाटात पडलेल्या बुटांचा आतून चुरा होतो आणि बाहेरून कळतही नाही. चुरा झालेल्या सोलला काहीही चिकटत नाही, कारण सोल्युशन धरतं पण खालचा थरच सुटतो, त्यामुळे तुकडे गोळा करत बसू नका. सगळा जुना सोल मुळापासून खरवडून काढायचा आणि चामड्याचा किंवा चांगल्या रबराचा नवीन सोल टाच धरून बसवायचा. वरचं लेदर चांगलं आहे म्हणताय तर खर्च करण्यासारखा आहे. टाच एक इंच, सोल सपाट, वर नाशिककरांना सांगितलंय तेच.

प्रश्न (रेडिंग, इंग्लंड): इकडे मुलासाठी सेकंडहँड लांब बूट घेतले. पावसात पूर्ण भिजले म्हणून रात्रभर रेडिएटरला टेकवून ठेवले, सकाळी घोट्याच्या पुढे आडव्या भेगा. नवऱ्याने फेविक्विकने चिकटवल्या, आता तिथे टणक गाठी झाल्यात आणि बाजूला नवीन भेगा पडल्यात. भेगा भरतील असं काही क्रीम आहे का?

उत्तर: ओलं कातडं गरम केलं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि ते आकसणं परत फिरत नाही. म्हणून रेडिएटर, हेअर ड्रायरची गरम हवा, कडक ऊन, गाडीचा डॅशबोर्ड सगळं वर्ज्य. भिजले की चिखल ओल्या फडक्याने पुसायचा, आत वर्तमानपत्र सैलसर भरायचं, तासा-दोन तासांनी बदलायचं, आणि बूट आडवे किंवा उभे पण सोलला खालून वारा लागेल असे ठेवायचे. एक दिवस लागतो, दोन लागतात. तोवर मुलाला साधे आखूड बूट आणि वरून हाफ चॅप्स (पोटरीभोवती गुंडाळायचं कातड्याचं आवरण) द्या.

भेग भरणारं क्रीम, खरं सांगायचं तर, असं काही नसतं. कातड्याची चीर सांधली जात नाही, झाकली जाते. वरवरच्या केसभर भेगांवर लवचीक लेदर फिलरचे पातळ थर आणि वर रंग, हे सोफ्यावर छान टिकतं, घोट्यावर नाही, कारण घोटा प्रत्येक पावलाला दुमडतो. फेविक्विकसारखा गोंद तर वाळून काचेइतका ताठ होतो, मऊ कातड्याच्या मधोमध ताठ पट्टी झाली की दुमड तिच्या कडेला सरकते आणि तिथे नवीन भेग. तुमच्याकडे तेच झालंय. तो गोंद आता खरवडायला जाऊ नका, कातडंच निघेल.

भेग आरपार गेलीये का ते आतून हात घालून बघा. नसेल गेली तर कंडिशनर लावून वापरत राहा, दिसायला वाईट दिसेल एवढंच. आरपार असेल तर आतल्या बाजूने पातळ मऊ कातड्याचं ठिगळ, भेगेपेक्षा सगळीकडून बोटभर मोठं, कडा तासून शून्यावर आणलेल्या, नाहीतर मुलाच्या पायाला फोड येईल. बाहेरून दिसणारं ठिगळ लावायचं असेल तर छोटा चौकोन लावू नका, घोट्याच्या पूर्ण रुंदीची पट्टी बसवून दोन्ही कडेच्या जुन्या शिवणींत घ्या, म्हणजे ती मुळातलीच वाटते. तुमच्याकडे टपालाने बूट मागवून झिपा-शिवणी करणारे कारागीर आहेत, पण लहान मुलाच्या सेकंडहँड बुटासाठी ते बिल बघून घ्या आधी. माझा हिशेब असा की दुरुस्ती त्याच बुटाच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्याच्या वर गेली तर सोडून द्यायचं, मोठ्या माणसाचे मापाने शिवलेले असतील तर गोष्ट वेगळी. आणि जाता जाता, बूट सेकंडहँड चालतात, हेल्मेट चालत नाही, आतून तडकलेलं असेल तर बाहेरून कळत नाही.

प्रश्न (मुंबई): बुटांच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे पाय घोड्याला लागतो तिथे, रंग उडून कातडं पातळ झालंय, एका ठिकाणी भोकच पडेल असं वाटतंय. मी दर रविवारी काळं पॉलिश लावते पण टिकत नाही आणि क्लबचं खोगीर काळं झालं म्हणून ओरडा बसला.

उत्तर: ओरडा बरोबर होता. पोटरीच्या आतल्या बाजूला रंगीत पॉलिश लावायचंच नसतं, ते खोगिराला, ब्रीचेसना (रायडिंगच्या घट्ट पँटना) आणि पांढऱ्या घोड्याला लागतं, वर पाय घसरतो तो वेगळाच. तिथे फक्त ओलसर फडकं, ग्लिसरीनचा सॅडल सोप आणि रंगहीन कंडिशनर. चकाकी हवी तर चवडा आणि टाच चमकवा, लोक तेवढंच बघतात.

झीज होते ती रिकिबीच्या पट्ट्याच्या घासण्याने, आणि त्याला घोड्याच्या घामाची साथ. कातडं किंचित आम्लधर्मी असतं, घोड्याचा घाम अल्कधर्मी आणि खारट, तबेल्यातल्या मुताचा अमोनिया त्याहून वाईट, तो शिवणींचे दोरे आणि वेल्ट दोन्ही खातो. म्हणून पॉलिश रविवारी केलं नाही तरी चालेल, पण उतरल्या उतरल्या ओल्या फडक्याने पुसणं त्याच दिवशी. साबणही रोज नको, तोही अल्कधर्मीच असतो.

पातळ झालेल्या जागी भोक पडायची वाट बघू नका. गोल ठिगळ नको, गुडघ्याच्या खालपासून पोटरीपर्यंत अख्खा पॅनेल लावून घ्या, एक ते सव्वा मिलीमीटरचं मऊ क्रोम लेदर किंवा स्वेड. स्वेडला पकड चांगली मिळते. शिवणीची ओळ पट्टा घासतो त्या रेषेत येऊ देऊ नका, बूट घालून घोड्यावर बसा आणि पट्टा कुठे लागतो ते खडूने आखून घ्या, मग शिवायला द्या.

प्रश्न (कोल्हापूर): ताई, मी प्रश्न विचारणाऱ्यांपैकी नाही, दुरुस्त करणाऱ्यांपैकी आहे. आमचं चपलांचं काम, वडिलांपासून. हल्ली रायडिंगची पोरं लांब बूट घेऊन येतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं ठिगळाला, सोलला चालेल का? आणि हे लोक दर सांगितला की तोंड वाकडं करतात.

उत्तर: दादा, तुमचा मेल बघून बरं वाटलं. चपलेचं कातडं हिरड्याने आणि बाभळीच्या सालीने कमावलेलं, जाड आणि घट्ट, ते बुटाच्या नळीला लावू नका, तिथे क्रोमचं मऊ कातडं लागतं, नाहीतर दोघांचं ताणणं वेगळं असल्यामुळे शिवण ओढली जाते. पण टाचेचे थर, इनसोल, वेल्टची पट्टी आणि टाचेवर काटा (घोड्याला टोचायचा स्पर) बांधायचे पट्टे, याला तुमच्या कातड्यासारखं दुसरं नाही, रापीने कड कशी घ्यायची ते तर मी तुम्हाला काय सांगणार. टाचेचा शेवटचा थर मात्र रबराचा ठेवा. सोलला वापरलंत तर चार मिलीमीटरच्या आसपास ठेवा आणि कडा बुटाच्या बरोबर तासा, बाहेर येऊ देऊ नका.

काम घेण्याआधी तीन गोष्टी बघत जा. एक, वरचं खरं कातडं आहे का, कापलेल्या कडेला तंतू दिसतात का, की कापडावर प्लास्टिकचा थर आहे. प्लास्टिकचा पापुद्रा सुटायला लागला की त्याला पॉलिशही नाही आणि टाकाही नाही, असं काम परत पाठवा, नाहीतर महिन्याने तुमच्याच नावाने ओरड. दोन, बूट आतून ओला असेल तर दोन दिवस ठेवून घ्या, ओल्यावर सोल्युशन धरत नाही. तीन, गिऱ्हाइकाकडून रिकीब मागून घ्या आणि काम झाल्यावर बूट तिच्यात घालून त्याच्यासमोर दाखवा.

दराचं म्हणाल तर झिपचं काम तुम्ही चपलेच्या अंगठ्याच्या हिशेबाने सांगत असाल तर चुकतंय. जुनी शिवण उसवायची, भोकं सांभाळायची, दोन्ही बाजूंनी नळीभर लांब टाका घालायचा, अर्धा दिवस त्यात जातो. दर तासांवर सांगा, आधी सांगा, आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या, कारण लांब बूट दुकानात ठेवून विसरून जाणारी गिऱ्हाइकं मी खूप बघितलीत.